मागचं झाकण

बिघडलेला टीव्ही दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हा प्रश्न वाटतो तितका जुना नाही. आपल्याकडे टीव्ही आल्यानंतरची पहिली पंधरा-वीस वर्षं तो कुणी विचारतच नसे, कारण उत्तर एकच होतं. सेट बंद पडला की मेकॅनिकला बोलवायचं. 'बदलून टाकू' हे वाक्य त्या काळातल्या मध्यमवर्गीय घरात टीव्हीबद्दल कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. फ्रिज, शिलाई मशीन, स्कूटर आणि टीव्ही या वस्तू घेतल्या जात, वापरल्या जात, दुरुस्त होत, पुन्हा दुरुस्त होत आणि शेवटी गावाकडच्या घरी जात. टीव्हीच्या बाबतीत हा क्रम कधी आणि कशामुळे मोडला, हे मला शोधायचं होतं. त्याला एक तातडीचं कारणही होतं, ते पुढे येईलच.

या शोधासाठी माझ्याकडे एक खाजगी साधन आहे. माझा मामा पुण्यात शुक्रवार पेठेत टीव्ही दुरुस्त करायचा. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. टेबल, सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, भिंतीला टेकवलेला आरसा आणि फळीवर उघडे सेट. आरसा अशासाठी, की सेटच्या मागे उभं राहून काम करताना पुढचं चित्र दिसावं. मामा गेल्यावर त्याच्या तीन लांब वह्या माझ्याकडे आल्या. प्रत्येक पानावर तारीख, आडनाव, सेटचा मेक, तक्रार, सापडलेला दोष, घातलेला पार्ट आणि घेतलेले पैसे. तक्रारीचा रकाना त्याने गिऱ्हाईकाच्याच शब्दांत भरलेला आहे: 'माणसं लांबोडकी दिसतात', 'चित्र वर पळतं', 'मुंग्या', 'मधोमध रेघ', 'आवाज आहे, चित्र नाही'. इतिहासकार ज्याला दप्तर म्हणतात, तसंच हेही एक दप्तर आहे, फक्त त्यात राजे नाहीत.

परवान्याची वस्तू

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ला प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं, पण मराठी माणसाच्या घरात टीव्ही शिरला तो २ ऑक्टोबर १९७२ नंतर. त्या दिवशी मुंबई केंद्र सुरू झालं. पुण्याला ते चित्र सिंहगडावरच्या मनोऱ्यातून मिळू लागलं आणि इथल्या गच्च्यांवर ॲल्युमिनियमचे अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभे राहिले. वारा सुटला की एकाने गच्चीवर जायचं, दुसऱ्याने खिडकीत उभं राहायचं आणि तिसऱ्याने टीव्हीसमोर बसून 'आलं, आलं, गेलं' असं ओरडायचं, हे ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

रेडिओप्रमाणे टीव्हीलाही परवाना लागे. दरवर्षी पोस्टात जाऊन ५० रुपये भरायचे आणि पुस्तिकेत नोंद करून घ्यायची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर हा परवाना रद्द झाला. तोवर टीव्ही ही सरकारदरबारी नोंद असलेली वस्तू होती. आमच्या घरी १९७९ साली २० इंची काळा-पांढरा सेट आला, लाकडी कॅबिनेटचा, पुढे सरकतं शटर आणि खाली चार पाय. त्याची किंमत माझ्या वडिलांच्या तीन-चार पगारांएवढी होती. इतक्या किमतीची वस्तू तीन-चार वर्षांत टाकून द्यायची, ही कल्पनाच त्या हिशेबात बसत नव्हती.

पण तो सेट दुरुस्त व्हायचा, तो केवळ महाग होता म्हणून नाही. तो दुरुस्त होण्याजोगा होता. सुरुवातीच्या बऱ्याच सेटमध्ये व्हॉल्व्ह असत. तापलेल्या तारेचा तो काचेचा दिवा मागचं झाकण काढलं की डोळ्यांना दिसे. व्हॉल्व्ह गेला की सॉकेटमधून उपसायचा आणि दुसरा खोचायचा. या व्हॉल्व्हची हीटरं एकामागोमाग एक अशी माळेत जोडलेली असत. माळेतलं एक हीटर तुटलं की सगळी माळ विझे आणि सेट पूर्ण मेलेला दिसे. घरच्यांना वाटे, टीव्ही गेला. मामा मीटर लावून एकेक व्हॉल्व्ह तपासे आणि बारा-पंधरांतला एक बाहेर काढे. ही माळेची गोष्ट लक्षात ठेवा, चाळीस वर्षांनी ती पुन्हा भेटणार आहे.

हळूहळू व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आणि आयसी आले. तरीही प्रत्येक भागाचा पत्ता माहीत होता. पडद्याच्या मधोमध एकच झगझगीत आडवी रेघ दिसली तर दोष व्हर्टिकल विभागात. अशा वेळी मामा आधी ब्राइटनेस कमी करायला सांगे, नाहीतर ती रेघ पडद्यावर कायमची भाजली जाते. आवाज आहे पण पडदा काळा, तर संशय लाइन आउटपुट आणि ईएचटीवर. काळ्या-पांढऱ्या मोठ्या सेटमध्ये पिक्चर ट्यूबला पंधरा-अठरा हजार व्होल्ट लागत, रंगीतमध्ये २५,०००च्या आसपास. हा दाब धूळ ओढून घेतो. पावसाळ्यात ती धूळ ओली झाली की ठिणग्या पडू लागतात, म्हणून जून-जुलैच्या पानांवर 'चर्र आवाज, वास' या तक्रारी दाटीने दिसतात. वहीत पाल चिकटून शॉर्ट झाल्याच्या नोंदीही आहेत.

ट्यूबमध्ये सेट बंद केल्यावरही भार साठून राहतो. सेट उघडल्यावर एक हात खिशात, हा मामाचा पहिला नियम होता. दोन हातांतून करंट गेला तर तो छातीतून जातो. मला त्याने सोल्डर करायला शिकवण्याआधी हे शिकवलं.

एक सर्किट, पन्नास नावं

१९८२ हे वर्ष सगळ्यांना एशियाडमुळे आठवतं. त्या वर्षी १५ ऑगस्टला राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झालं आणि नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई खेळांनी लोकांना रंगीत सेटची चटक लावली. सरकारने रंगीत सेट आणि त्यांचे सुटे भाग बाहेरून आणण्यावरची बंधनं सैल केली. ईटी अँड टी या सरकारी महामंडळामार्फत किट पुरवली गेली आणि ती जोडून सेट विकणारे कारखाने जागोजागी निघाले. पाठोपाठ दूरदर्शनने देशभर लहान ट्रान्समीटर उभारले. १९८४मध्ये तर काही महिने जवळजवळ रोज एक ट्रान्समीटर सुरू होत होता. सांगली, लातूर, जळगावकडच्या घरांना टीव्ही घ्यायला आता कारण मिळालं.

दुरुस्तीच्या इतिहासात या किटचं महत्त्व फार मोठं आहे. वेस्टन, क्राउन, डायनोरा, अपट्रॉन, केल्ट्रॉन, मेल्ट्रॉन, ईसी, ओनिडा, व्हिडिओकॉन अशी दुकानात नावं अनेक. पण झाकण काढल्यावर आत मोजक्याच प्रकारची सर्किटं आणि बाजारात सहज मिळणारे पार्ट. कॅबिनेट आणि जाहिरात वेगळी, आतला संसार बराचसा सारखा. चार-पाच सर्किटं पाठ असलेला मेकॅनिक गावातला बहुतेक कोणताही सेट उघडू शकत असे. बऱ्याच सेटसोबत सर्किटचा नकाशा मिळे. नाही मिळाला तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या आसपास पार्टही मिळत आणि सर्किटांची पुस्तकंही. आयटीआयमध्ये रेडिओ आणि टीव्ही मेकॅनिकचा वेगळा ट्रेड होता, पॉलिटेक्निकची मुलं आर. आर. गुलाटींचं जाडजूड पुस्तक वाचत होती. म्हणजे ज्ञान, पार्ट आणि माणूस, तिन्ही गोष्टी चालत जाण्याच्या अंतरावर होत्या.

या तिन्हींना जोडणारी चौथी गोष्ट होती निकड. जानेवारी १९८७मध्ये रविवार सकाळचं 'रामायण' सुरू झालं. मामाच्या वहीत त्या वर्षीच्या शनिवारांची पानं पूर्ण भरलेली आहेत आणि समासात 'उद्या सकाळच्या आत' असं लिहिलेलं आहे. चाळीतल्या एका सेटवर तीस-चाळीस माणसं अवलंबून असत. तो सेट दुरुस्त होणं ही एका घराची गोष्ट नव्हती. मामा रात्री अकराला सायकलवर पेटी अडकवून निघायचा आणि लोक त्याला डॉक्टरासारखे दाराशी घ्यायला यायचे. त्याने त्याचा रुबाबही केला, पण दर वाढवल्याचं वहीत दिसत नाही.

ट्यूब कशी आहे?

'दुरुस्त की नवा' हा प्रश्न त्या वह्यांत पहिल्यांदा दिसतो तो एकाच कारणासाठी: पिक्चर ट्यूब. बाकी कोणताही पार्ट सेटच्या किमतीपुढे किरकोळ होता. ट्यूब मात्र सेटमधला सर्वांत महाग भाग. काळ्या-पांढऱ्या ट्यूब भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी बनवत असे. अशा ट्यूबच्या काचेसाठी तिने १९८६मध्ये तळोज्याला कारखानाही काढला. पुढे रंगीत ट्यूब सॅमटेल आणि जेसीटीसारख्या कंपन्या इथे बनवू लागल्या.

ट्यूब एकदम मरत नाही, म्हातारी होते. तिच्या मानेतला कॅथोड कमी-कमी इलेक्ट्रॉन सोडू लागतो. चित्र यायला वेळ लागतो, चेहरे चांदीसारखे सपाट दिसतात, रंगीतमध्ये एखादा रंग आधी उतरतो आणि सगळं जग हिरवट किंवा लालसर होतं. मेकॅनिक म्हणत, 'ट्यूब वीक झाली'. उपाय तीन. हीटरला थोडा जादा दाब देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवायचा, म्हणजे आणखी वर्ष-दोन वर्षं निघतात. किंवा कॅथोडला क्षणभर जोराचा झटका देऊन वरचा मेलेला थर उडवायचा. हा जुगार होता, ट्यूब सुधारे किंवा तिथेच संपे. नाहीतर नवी ट्यूब घालायची.

इथे मामाचा एक ठरलेला क्रम होता आणि मला तो आजही कामाचा वाटतो. तो तक्रार ऐकून घेई आणि पैशांचं बोलण्याआधी ट्यूब तपासे. ट्यूब चांगली असेल तर उरलेला सेट कितीही बिघडलेला असो, दुरुस्त करायचा. ट्यूब गेली असेल आणि सेट दहा वर्षांपुढचा असेल, तर गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगायचं की आता पैसे घालू नका. यात त्याचं नुकसान होतं, कारण ट्यूब बदलण्यात सर्वांत जास्त मजुरी मिळायची. वहीत अशा नोंदींपुढे पैशांच्या रकान्यात आडवी रेघ आहे आणि शेऱ्यात 'नवा घ्या सांगितले'.

बाहेरचं जग बदलतं

नव्वदच्या दशकात एक नवीच तक्रार आली. सेट ठणठणीत आहे, पण दिसत नाही. १९९१-९२पासून केबल घराघरांत शिरली, स्टार आला, ऑक्टोबर १९९२मध्ये झी आला. जुन्या सेटच्या गोल नॉबवर बाराच चॅनल. केबलवाला त्याहून जास्त चॅनल पाठवतो आणि ती या ट्यूनरला पकडता येत नाहीत. सेटमध्ये काहीही बिघडलेलं नसताना तो निकामी ठरला होता. बिघाड घराबाहेर, तारेच्या दुसऱ्या टोकाला होता. मेकॅनिक मंडळींनी त्यावरही तोड काढली. कन्व्हर्टरचा डबा बाहेरून जोडायचा, चॅनल त्याच्या रिमोटवर बदलायचं आणि टीव्ही कायम एकाच चॅनलवर ठेवायचा. वीस वर्षांनी, ३१ ऑक्टोबर २०१२ला मुंबईत आणि पुढच्या मार्चअखेर पुण्या-नागपूरसारख्या शहरांत जुनी ॲनालॉग केबल बंद करून सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तेव्हाही हेच झालं. तीन रंगांच्या पिना मागे खोचल्या आणि खोक्यासारखे टीव्ही आणखी काही वर्षं जगले.

दरम्यान दुकानदारीने वेगळी दिशा घेतली. १९९५ला सॅमसंग आणि १९९७ला एलजी भारतात आली. त्याच सुमारास अकाईने 'जुना द्या, नवा घ्या' योजनांचा धडाका लावला आणि बाकीच्यांना त्यामागे जावं लागलं. या योजनेने बिघडलेल्या सेटला पहिल्यांदाच दुकानात किंमत आली. आजवर बिघडलेला सेट म्हणजे खर्च होता. आता तो नव्या सेटच्या किमतीतून वजा होणारी रक्कम झाला, आणि उरलेल्या रकमेला हप्ते होते. तीनशे रुपयांच्या दुरुस्तीसमोर ही तुलना उभी राहिली, तेव्हा घराघरांत प्रश्न बदलला. 'याला काय झालंय?' याच्या जागी 'याचे किती येतील?' हे विचारलं जाऊ लागलं.

मेकॅनिकचं कामही बदललं. दोन हजारच्या दशकात 'चायना किट' आलं. आधी एक आयसी, एक ट्रान्झिस्टर शोधून बदलत. आता आतलं सगळं सर्किटच उपसून काढायचं आणि काही शे रुपयांचं तयार सर्किट ट्यूबला जोडायचं. दोष शोधण्याची गरज उरली नाही. मामाने ही किटं बसवली, पण नाखुशीने. वहीत दोषाच्या रकान्यात तो एकच शब्द लिहू लागला: 'किट'. त्यापूर्वीच्या पानांवर त्या रकान्यात दोन-दोन ओळी आहेत.

मग एलसीडी आणि एलईडी आले आणि ट्यूबवाले टीव्ही भंगारात निघाले. भंगारवाला त्यातलं तांबं काढी, मागच्या कॉइलचं, योकचं. काच फोडून टाकून दिली जाई. रंगीत ट्यूबच्या काचेत किलोच्या हिशेबात शिसं असतं, ते कुठे गेलं याचा विचार कुणी केला नाही. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ साली आले आणि मे २०१२पासून लागू झाले, तोवर लाखो घरांतले खोके निघून गेलेले होते. मामाने २०११मध्ये दुकान बंद केलं. शेवटच्या वहीची निम्मी पानं कोरी आहेत.

आईचा रिमोट

आता ते तातडीचं कारण. आमच्या घरचा सध्याचा टीव्ही २०१४चा, ४० इंची एलईडी. मागच्या पावसाळ्यात तो आंधळा झाला. आवाज येत होता, पडदा काळा. मामाच्या भाषेत 'आवाज आहे, चित्र नाही'. कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. त्यांनी माणूस न पाठवता मॉडेल नंबर विचारला आणि सांगितलं, इतक्या जुन्या मॉडेलचे पार्ट येत नाहीत, एक्सचेंजमध्ये नवा घ्या. मुलाचंही तेच म्हणणं. अकरा वर्षं झाली, अ‍ॅप चालत नाहीत, नवा ४३ इंची २४ हजारांत येतो.

अडचण आई होती. तिचं वय ८२, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही उजव्या डोळ्याने फारसं दिसत नाही. ती टीव्ही बघते त्याहून जास्त ऐकते आणि रिमोट बोटांनी ओळखते. वरून तिसरी ओळ, मधलं बटण, तिथे तिचं भजनाचं चॅनल. नव्या टीव्हीच्या रिमोटवर बहुधा आकडेच नसतात. चार बाणांनी पडद्यावरच्या चौकटी हलवायच्या, म्हणजे आधी पडदा दिसायला हवा. टीव्ही बंद पडल्यावर ती आठवडाभर नुसता आवाज ऐकत होती आणि तक्रार करत नव्हती. तिच्यासाठी नवा टीव्ही म्हणजे दिवसातल्या सहा तासांचा ताबा दुसऱ्याच्या हातात देणं होतं.

मी मामाच्या क्रमाने गेलो. आधी ट्यूब. आजच्या सेटमध्ये ट्यूबच्या जागी पॅनल आहे, तोच सर्वांत महाग भाग. पॅनल फुटलं असेल, त्यात पाणी गेलं असेल किंवा उभ्या रेघा आल्या असतील, तर बहुतेक वेळा विषय संपतो. पॅनलची किंमत नव्या सेटच्या जवळ जाते. पॅनल शाबूत आहे की नाही हे घरी कळतं. खोलीत अंधार करायचा, टीव्ही चालू करायचा आणि टॉर्च पडद्याला तिरकी टेकवायची. मी टेकवली. बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा पुसट, पण स्पष्ट हलताना दिसला. म्हणजे चित्र आहे, मागचा उजेड गेलाय.

हा उजेड एलईडीच्या पट्ट्यांचा असतो. या पट्ट्यांतले दिवे माळेत जोडलेले असतात. एक जळला की माळ विझते. पन्नास वर्षांपूर्वीच्या व्हॉल्व्हच्या हीटरांसारखंच. फरक इतकाच, की व्हॉल्व्ह झाकण काढल्यावर दिसे आणि हाताने उपसता येई. इथे पट्ट्यांपर्यंत पोचायला आख्खं पॅनल काचेसारखं उचलून बाजूला ठेवावं लागतं. त्यात ते तडकलं, तर दुरुस्तीच खून ठरते.

तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने एक मेकॅनिक सुचवला. पन्नाशीचा माणूस. त्याने सगळ्या पट्ट्या बदलण्याचे ३,२०० रुपये सांगितले, जळलेला एकच दिवा बदलायला नकार दिला. एक गेला म्हणजे बाकीचे रांगेत आहेत, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. पॅनल उचलताना फुटलं तर भरपाई मिळणार नाही, हेही त्याने आधीच सांगितलं. ही जोखीम विचारात घेऊन मी कागदावर हिशेब मांडला. दुरुस्ती ३,२००. अ‍ॅपसाठी एचडीएमआयला लावायची स्टिक साधारण ३,०००. ही स्टिक म्हणजे आजचा कन्व्हर्टर, सेटच्या आतलं न बदलता बाहेरच्या जगाशी जोडून देणारा डबा. एकूण ६,२००, म्हणजे नव्याच्या चौथ्या हिश्शाच्या थोडंसं वर. विजेचं म्हणाल, तर हा सेट सुमारे ७५ वॅटचा. रोज पाच तास धरले तरी वर्षाला १३७ युनिट. नवा मोठा सेट यापेक्षा कमी खाईलच असं नाही. ट्यूबवाल्या टीव्हीच्या काळात वीजबचतीचं कारण खरं होतं, एलईडीच्या जागी एलईडी घेताना ते फारसं उरत नाही. दुरुस्तीनंतर सेट तीन वर्षं चालला, तर वर्षाला दोन हजारांच्या आसपास पडतात. नवा सेट त्या भावाने परवडायला बारा वर्षं चालावा लागेल.

मेकॅनिकने दिवाणखान्यात चादर अंथरून, मुलाला दुसऱ्या बाजूने धरायला लावून पॅनल उचललं. दोन तास लागले. पट्ट्या बसवल्यावर त्याने दिव्यांना जाणारा करंट थोडा उतरवला आणि बॅकलाइट कधी पूर्ण ठेवू नका म्हणाला. चमक जास्त ठेवली की दिवे तापतात आणि लवकर जळतात. आईने तिसऱ्या ओळीतलं मधलं बटण दाबलं. त्या संध्याकाळपासून टीव्ही चालू आहे.

झाकण कोण उघडणार

हे सगळं जमलं ते काही योगायोगांमुळे. तो पार्ट बाजारात मिळत होता, कारण अशा पट्ट्या अनेक मॉडेलांना चालतात. मेनबोर्ड गेला असता, तर मोडीत निघालेल्या सेटमधून काढलेला जुना बोर्ड शोधावा लागला असता. मेकॅनिक होता, पण त्याचा मुलगा हे काम करत नाही. आणि नकाशा कुणाकडेच नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी पेठेतल्या दुकानात मिळणारं सर्किट आज त्या सेटच्या मालकालाही मिळत नाही. इंटरनेटवर मेकॅनिक एकमेकांना फोटो पाठवून ते ज्ञान गोळा करतात, हीच आजची सर्किटांची पुस्तकं.

कायदा आता कुठे या प्रश्नापर्यंत पोचतोय. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२मध्ये पोर्टल सुरू केलं. तिथे कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. फ्रान्समध्ये २०२१पासून टीव्हीवर तो किती दुरुस्त होऊ शकतो याचा दहापैकी गुण छापावा लागला, आणि त्याच वर्षी युरोपीय संघाने टीव्हीचे काही ठरावीक सुटे भाग मॉडेल बाजारातून गेल्यावरही सात वर्षं मिळाले पाहिजेत असा नियम लागू केला. आपल्याकडे सप्टेंबर २०२५मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. दुरुस्तीच्या सेवेवरही १८ टक्केच आहे. करप्रणालीच्या नजरेत जुना वाचवणं आणि नवा घेणं आता सारखंच.

प्रत्येक टीव्ही वाचवावा असं मला म्हणायचं नाही. मामाही तसं म्हणत नसे. पॅनल गेलं तर नवा घ्यावा आणि जुना भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत केंद्रात द्यावा. नवा घेताना त्याचे पार्ट किती वर्षं मिळतील हे दुकानात विचारावं, उत्तर मिळालं नाही तरी विचारावं. मात्र 'जुना झालाय, पार्ट येत नाहीत' हे फोनवरचं वाक्य निदान म्हणून स्वीकारू नये. ते झाकण न उघडता सांगितलेलं असतं.

आमच्या पेठेत आता टीव्ही दुरुस्त करणारं एकच दुकान उरलंय. पट्ट्या बदलून झाल्यावर मी त्या मेकॅनिकला मामाची वही दाखवली. त्याने १९८४चं एक पान बराच वेळ वाचलं, व्हर्टिकल आयसीच्या एका नोंदीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हा फॉल्ट मीपण काढलाय." मग त्याने वहीचे काही फोटो काढून घेतले. मीही मामाच्या शेवटच्या वहीतल्या पहिल्या कोऱ्या पानावर नोंद केली: तारीख, आमचं आडनाव, तक्रार 'आवाज आहे, चित्र नाही', दोष बॅकलाइटची माळ, मजुरीसह ३,२००.